लेझीमवाला आणि कळलावी : शेडमधली नोंद

लेझीमवाला आता बागेत उभा राहिलाय, म्हणून यावेळी जरा सविस्तर लिहितो. ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: साडेपाच फुटी माणूस, डावा पाय पुढे, गुडघ्यात वाकलेला, दोन्ही हातांत ताणलेली लेझीम. अंग भरीव नाही, सगळी सळयांची जाळी. त्या जाळीतून कळलावीचा वेल वर न्यायचा हा बेत पहिल्यापासूनचा. वेल नंतर सुचलेला नाही. सळई किती जाडीची घ्यायची इथपासून सगळं त्याला विचारून ठरलंय.

कारण असं की कळलावीला वेगळे तणावे नसतात. पानाचं टोकच लांब होतं, वळतं आणि हाताशी येईल त्याला विळखा घालतं. विळखा अगदी बारका. 6 मिमीची सळई ती झटकन धरते. 12 मिमीवर मात्र टोक टेकतं, चाचपतं आणि घसरून हवेत लोंबत राहतं. गोकर्णाचं तसं नाही. तिचं खोडच आधाराभोवती फिरत वर जातं, त्यामुळे तिला जाड खांबही चालतो. बागेतले तयार लोखंडी मांडव बघताना मला नेहमी वाटतं, बनवणाऱ्यानं वेल कसा चढतो हे एकदा तरी बसून बघितलंय का?

म्हणून हिशोब असा ठेवला. टाचेपासून कंबर आणि पाठीचा कणा, म्हणजे जिथं भार येतो तिथं 12 मिमी. बाकी सगळ्या रेषा 6 मिमीच्या. वजनाचं सूत्र बहुतेकांना पाठ असेल: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले 162, की मीटरला किती किलो ते निघतं. 6 मिमी म्हणजे मीटरला 222 ग्रॅम, 12 मिमी म्हणजे 888. जाडी दुप्पट, वजन चौपट. सळई प्लेनच घ्या. स्लॅबची रेघावाली सळई वापरली की कितीही चांगली आकृती पाडा, अर्धवट बांधकामातून उपटून आणल्यासारखी दिसते.

आखणी शेडच्या कोब्यावरच, खडूनं, पूर्ण मापात. समोरून दिसणारा माणूस जमिनीवर आणि बाजूनं दिसणारा भिंतीवर. सळई वाकवायची, खडूच्या रेषेवर ठेवून बघायची, परत वाकवायची. 6 मिमी थंडच वळते, पाइपचा तुकडा आणि शिकंजा पुरतो. गुडघ्याची 12 मिमी तापवावी लागली. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी उभं राहणं शक्य नाही, त्यामुळे उजाडल्यापासून नऊपर्यंत शेड. ग्राइंडर मात्र आठनंतरच, शेजारी रात्रपाळीचे आहेत. मधला वेळ झाडांना पाणी. बागकाम आणि वेल्डिंग एकाच सकाळी करण्यात एक फायदा आहे: घाईनं जोड मारायची खुमखुमी अबोलीची आळी भरेपर्यंत उतरते.

बारीक सळयांना वेल्डिंगचा 12 नंबरचा, म्हणजे बारका रॉड, 70 अँपिअरच्या आसपास. 10 नंबर त्याहून जाड, त्यानं सळई जोडापाशी खाल्ली जाते. आणि आधी सगळीकडे नुसते टाके, म्हणजे ठिपक्याएवढे जोड. वेल्ड थंड होताना आपल्या बाजूला ओढतो. एका बाजूनं सलग मारत गेलात तर सरळ उभा माणूस पोक काढून उभा राहतो. मी बरगड्या समोरासमोर, एक डावी एक उजवी अशा घेतल्या.

लेझीमच्या दांड्याला कमानपाटा वापरला. छोट्या टेम्पोचं सगळ्यात खालचं, आखूड पान गॅसकटरवर उभं चिरून घेतलं. त्याला मुळातच जो बाक आहे तो हातानं काढून जमला नसता. पण हे जास्त कार्बनचं पोलाद. साध्या सळईसारखं जोडायला गेलात तर वेल्ड मारताना काही होत नाही. थंड होताना बारीक ‘टिक्’ असा आवाज येतो. तो आला की समजायचं, जोडाच्या कडेनं चीर गेली. त्यावर उपाय म्हणजे ब्लो लॅम्पनं आधी तापवायचं, पाण्याचा थेंब टाकला तर नाचला पाहिजे. 7018 चा (कमी हायड्रोजनचा) रॉड वाळवून वापरायचा आणि काम झालं की लगेच कोरड्या राखेत पुरायचं. आमच्याकडे अजून बंब पेटतो, त्यामुळे राखेला तोटा नाही. संध्याकाळी पुरलेला तुकडा सकाळी काढला तेव्हा आतून कोमट होता. साखळी सायकलची, तिच्यात वॉशर ओवलेत. वारा सुटला की वाजते.

डोकं म्हणजे पाणउपशाच्या जुन्या पंपाची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची पुली. कोल्हापुरात राहून बीड मिळालं नाही असं व्हायचं नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे भंगारात बिडाचे ढीग असतात. पण बिडाला साधा रॉड चालत नाही, आणि निकेलचा रॉड घेऊनही तडा जायची धाकधूक असतेच. मी वेल्डिंगच्या फंदात पडलोच नाही. भोक पाडून आटे काढले आणि बोल्ट मारला. फेटा 6 मिमीच्या सळईच्या वेढ्यांचा, शेमला मागे सोडलेला.

सांगाडा उद्यमनगरात एका मामांच्या गाळ्यात शेवटच्या जोडांना नेला होता. माझ्या मशीनला व्होल्टेज पुरत नव्हतं. मामांनी जन्मभर गाड्यांच्या चॅसी जोडल्यात. चारी बाजूंनी फिरून म्हणाले, “एवढी सळई घातलीस, मग भरून का घेत न्हाईस रं? पत्रा मार की वरनं.” मी म्हटलं, मामा, भरायला वेल येणार आहे. “आणि उन्हाळ्यात?” उन्हाळ्यात कंद जमिनीत झोपलेला, हा असाच उघडा. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग जोड घासून गुळगुळीत कर. उघडा ऱ्हायचा असंल तर जोड दिसत्यात.” सगळ्या कामातला सर्वात उपयोगी सल्ला हाच. वर्षातला अर्धाअधिक काळ हा माणूस पानांशिवाय उभा राहणार. तेव्हाही तो पुरा वाटला पाहिजे.

नुसत्या रेषांनी माणूस उभा करायचा म्हटलं की स्पॅनिश शिल्पकार हुलिओ गोंझालेझकडे बघावंच लागतं. गॅस वेल्डिंग तो 1918 मध्ये रेनोच्या कारखान्यात शिकला आणि पुढे पिकासोला लोखंडी कामात हात दिला. दोघांच्या त्या कामांतलं एक 1929-30 मधलं, ‘बागेतली स्त्री’. आपल्याकडे पिलू पोचखानवाला यांनी मुंबईत भंगाराचं लोखंड जोडून शिल्पं केली. अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथनं दुसऱ्या महायुद्धात रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात वेल्डिंग केलं आणि पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या बोल्टन लँडिंग गावी घराभोवतीच्या माळावर स्वतःची शिल्पं ओळीनं उभी केली. त्याच्या माळाचे फोटो मी वरचेवर बघतो. माझा माळ दोन गुंठ्यांचा आहे आणि त्यातही निम्मा सोनचाफ्यानं व्यापलाय.

गंजाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. कॉर्टेन, म्हणजे स्वतःच्या गंजाचाच थर पांघरून टिकणारं पोलाद, का नाही? एक तर भंगारात मिळत नाही. दुसरं म्हणजे त्याचा गंज घट्ट बसायला ते ओलं-कोरडं होत राहावं लागतं. पानांच्या सावलीत, कोल्हापूरच्या पावसात, ते कोरडं कधी होणार? म्हणून साधं लोखंडच. वळवाच्या दोन सरींत ते तांबूस झालं, मग तारेच्या ब्रशनं सुटा गंज काढून उकळलेलं जवसाचं तेल पातळ चोळलं. तेलाची चिंधी बोळा करून टाकू नका, आपोआप पेटू शकते. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. लोखंड खरं कुजतं ते माती आणि हवा जिथं भेटते तिथं. त्यामुळे पाय काँक्रीटमध्ये घेतलेत आणि वरची बाजू उतरती केलीय, पाणी थांबायला नको. तिथं स्टेनलेसची टोपी घालायचा सल्ला एकानं दिला होता. तो मी मानला नाही. ओलाव्यात स्टेनलेसला चिकटलेलं साधं लोखंड उलट लवकर गंजतं.

कळलावीचे कंद मेअखेरीस लावले, आडवे, तीन बोटं खोल. कोंब फक्त कंदाच्या टोकाला असतो. टोक मोडलं की तो कंद गेला. हातमोजे घालूनच हाताळा: सगळ्या झाडातच कोल्चिसिन असतं, कंदात आणि बियांत सर्वात जास्त. पोरं किंवा कुत्रं असेल तर आधी कुंपण करा. पन्हाळ्याच्या वाटेवर बांधाला दिसते म्हणून उकरून आणू नका, रोपवाटिकेत मिळते.

पहिल्या पावसात कोंब वर आला तो डाव्या टाचेपाशी. जुलैत पोटरी, मांडी, मग बरगड्यांत शिरला. माझा अंदाज होता की तो कण्यावरून सरळ वर जाईल. पण कणा 12 मिमीचा, त्यामुळे त्यानं कणा सोडला आणि बरगड्यांच्या बारीक सळया धरत पुढच्या हाताकडे गेला. ऑगस्टमध्ये पहिलं फूल लेझीमच्या साखळीजवळच उमललं. उमलताना पाकळ्या हिरवट-पिवळ्या, मागे वळलेल्या, कडा लहरी. मग दिवसागणिक लाली चढत गेली. परागवाहिनी (स्त्रीकेसराचा दांडा) मुळाशीच काटकोनात वाकून एका बाजूला जाते, ती बघायला जवळ जावं लागतं. शिंजीर येऊन जातो, फेट्यावर बसतो.

उजवा हात मात्र रिकामाच राहिलाय, वेल तिकडे फिरकला नाही. डिसेंबरात पानं वाळली की कोपरापासून मनगटापर्यंत 4 मिमीच्या तारेच्या दोन रेषा वाढवेन, आणि दुसरा कंद उजव्या टाचेशी. दुसरा गडी हलगीवाला करायचा आहे. हलगीच्या कड्यासाठी साधारण फूटभर व्यासाची लोखंडी रिंग शोधतोय, गॅल्व्हनाइज्ड नको. जस्ताचा धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि घासून जस्त काढत बसायचा मला कंटाळा आहे. कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा.