सेरामपूरची बी.डी.: शिफारसपत्रापासून हिब्रूच्या पेपरापर्यंत

मी शिकले पुण्याच्या सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, पण माझ्या पदवीवर नाव आहे ते हुगळीकाठच्या सेरामपूरचं. बी.डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची पदवी. अर्ज भरण्यापासून पदवी हातात पडेपर्यंत काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे. आमच्या भागातल्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, हे सांगणारं कुणी भेटत नाही. मलाही भेटलं नव्हतं.

सुरुवात विद्यापीठापासून करते, कारण घरच्यांना समजावताना सगळ्यांत जास्त वेळ त्यातच गेला. बी.कॉम. झालेली मुलगी आणखी चार वर्षं शिकायचं म्हणते म्हटल्यावर थोरल्या काकांनी विचारलं, "अगं, पण ही पदवी देतं कोण? उद्या कुणी मानेल का ती?" आमच्या नगर जिल्ह्यात श्रीरामपूर म्हटलं की एकच गाव डोळ्यांपुढे येतं. हे श्रीरामपूर बंगालमधलं, हावड्याहून लोकलनं जाता येतं असं, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं सेरामपूर झालेलं. काकांना पटेल असं उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला बसले.

इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये भारतात आले. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून १८०० मध्ये त्यांनी डेन्मार्कच्या ताब्यातल्या सेरामपूरला मुक्काम हलवला. तिथं जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांच्यासोबत छापखाना घातला, शाळा काढल्या आणि १८१८ मध्ये कॉलेज सुरू केलं. कॉलेजच्या पहिल्या माहितीपत्रकात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या. इथं पूर्वेकडचं साहित्य आणि युरोपातलं विज्ञान दोन्ही शिकवलं जाईल. आणि जात, वर्ण किंवा देश यांमुळे कुणाला प्रवेश नाकारला जाणार नाही. ख्रिस्ती नसलेली मुलंही पहिल्या वर्गापासून होती. १८१८ सालच्या बंगालमध्ये जातीबद्दल असं छापून देणं ही लहान गोष्ट नव्हती. माझे पणजोबा ज्या समाजातून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आले, त्या समाजाच्या मुलांना आपल्याकडे त्या काळी शाळेच्या ओसरीवरही कुणी बसू देत नव्हतं, म्हणून हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते पुढच्या भागात. २३ फेब्रुवारी १८२७ रोजी डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक यानं कॉलेजला सनद दिली. त्या सनदेनं कोपनहेगन आणि कील इथल्या विद्यापीठांप्रमाणे पदव्या देण्याचा अधिकार सेरामपूरला मिळाला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं १८५७ ची, म्हणजे तीस वर्षांनी नंतरची. १८४५ मध्ये डेन्मार्कनं भारतातल्या आपल्या वसाहती साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकल्या, तेव्हा कॉलेजचे सनदेतले हक्क कायम राहतील असं करारातच घालून घेतलं. पण हक्क होता तरी तो वापरला गेला नाही. कॉलेज पुढे कलकत्ता विद्यापीठाशी जोडलं गेलं, मधल्या काळात उतरणीलाही लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी जुनी सनद पुन्हा कामाला लावली आणि १९१५ मध्ये पहिली बी.डी. दिली गेली. सनद १८२७ ची आणि पहिली पदवी १९१५ ची! त्यानंतर १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळानं सेरामपूर कॉलेज कायदा केला. त्यातून आली सिनेट. निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांची माणसं एकत्र बसून अभ्यासक्रम ठरवतात, परीक्षा घेतात आणि पदव्या देतात, अशी ही रचना.

म्हणूनच सेरामपूर कॉलेजच्या आवारात आजही दोन प्रकारचे विद्यार्थी असतात. बी.ए., बी.एससी., बी.कॉम. करणाऱ्यांना पदवी मिळते कलकत्ता विद्यापीठाची. ईश्वरविज्ञान शिकणाऱ्यांना सेरामपूरची स्वतःची. आणि देशभरातल्या पन्नासहून अधिक सेमिनरी सिनेटशी संलग्न असल्यानं पुण्यात, बंगळुरात किंवा ईशान्येत शिकणाऱ्याला तीच पदवी मिळते. हे सगळं काकांना तारखांसकट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "राजाची सनद आहे म्हणतेस, कायदा आहे म्हणतेस, मग कर." पण तुम्हाला दुसऱ्या विद्यापीठात पुढचं शिक्षण घ्यायचं असेल किंवा सरकारी नोकरीसाठी ही पदवी दाखवायची असेल, तर तिथले नियम आधी लेखी मागवून घ्या. प्रत्येक ठिकाणी बी.डी. एकाच पातळीवर धरतात असं नाही.

आता अर्ज. पदवीधरांना बी.डी. चार वर्षांची, बारावी झालेल्यांना पाच. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वैद्यकीय दाखला हे कुठेही लागतं तेच. वेगळे कागद तीन: बाप्तिस्म्याचा दाखला, स्वतःच्या हातानं लिहिलेली साक्ष (आपल्या विश्वासाची हकिकत) आणि मंडळीचं शिफारसपत्र.

बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी आजोळच्या मंडळीत जावं लागलं. जुनी नोंदवही, त्यात नाव एका पद्धतीनं, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या पद्धतीनं. पाळकसाहेबांनी शांतपणे दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं पत्र लिहून सही-शिक्का करून दिला. ते पत्र पुढे नोंदणीच्या वेळी कामाला आलं. ज्यांची नावं अशी बदललेली असतील त्यांनी हे काम सर्वांत आधी उरकावं.

खरी अडचण शिफारसपत्राची. सेमिनरीला हवं असतं की तुम्हाला एखाद्या मंडळीनं पाठवलेलं असावं. तुम्ही तिथं सेवा केलेली असावी आणि परत आल्यावर मंडळी तुमचा उपयोग करून घेईल असं तिनं म्हणावं. आमच्या मंडळीच्या कमिटीतल्या काही वडीलधाऱ्यांचा सूर असा की मुलीनं बी.डी. करून काय करायचं. रविवारची शाळा तर ती आत्ताही घेते. विषय पुढच्या बैठकीवर, मग त्याच्याही पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. मला वाईट वाटलं, आजही वाटतं. ज्या मंडळीत उपासनेला निम्म्याहून जास्त बायका बसतात, तिथं हा प्रश्न मुलाला विचारत नाहीत. शेवटी महिला मंडळाच्या बायकांनी स्वतः निवेदन लिहिलं. त्यातल्या एका आजींनी बैठकीत उभं राहून सांगितलं, "आमच्या दुःखात घरी येऊन प्रार्थना करणारी, वचन समजावून सांगणारी बाई आम्हाला पाहिजे. ती शिकून येऊ द्या." एवढं झाल्यावर पत्र मिळालं. सेरामपूरच्या संस्थापकांनी ते माहितीपत्रक लिहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कॉलेजात बसलेली मुलगी नव्हती, हे खरं आहे. पण त्याच गावात हॅना मार्शमन यांनी मुलींच्या शाळा चालवल्या होत्या, त्यासाठी घर आणि हात दोन्ही राबवले होते. इतिहास सांगताना तिघा पुरुषांबरोबर त्यांचं नाव घ्यायलाच हवं.

प्रवेशपरीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बायबलचं ज्ञान, इंग्रजी, सामान्य ज्ञान, मग मुलाखत. बायबल दोन्ही करारांसकट सलग वाचून जा. सुटी वचनं पाठ असून भागत नाही. मुलाखतीत मला विचारलं की तुमच्या तालुक्यात दुष्काळ पडला तर मंडळीनं काय करावं. प्रार्थना तर करावीच, पण पाण्याचं आणि चाऱ्याचं काम गावानं जात-धर्म न बघता एकत्र करावं, असं मी म्हटलं आणि आमच्याकडच्या छावणीत जे पाहिलं होतं ते सांगितलं. माझं मराठी माध्यम, इंग्रजी अडखळत. अडले तिथं मराठीत बोलले, त्यांनी चालवून घेतलं. परीक्षेचे पेपर मात्र इंग्रजीतच लिहावे लागले.

शिकवतात काय, असं सगळे विचारतात. लोकांना वाटतं फक्त बायबल. जुना करार, नवा करार, ईश्वरविज्ञान, ख्रिस्ती मंडळीचा इतिहास हे तर असतंच. पण हिंदू धर्म, इस्लाम, बौद्ध धर्म हेही शिकायचे असतात, समाजाचं विश्लेषण, स्त्री-अभ्यास, समुपदेशन आणि संवादकौशल्यही. दर रविवारी एखाद्या मंडळीत जाऊन प्रत्यक्ष काम करायचं असतं. ज्यांना घर-नोकरी सोडून चार वर्षं राहता येत नाही त्यांच्यासाठी सिनेटचे बाहेरून करायचे अभ्यासक्रम आहेत, डिप्लोमा आणि बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज. माझी आत्येबहीण बँकेतली नोकरी सांभाळून बी.सी.एस. करते आहे, मंडळीत बायबलवर्ग घेणाऱ्या कुणालाही मी तोच सुचवेन. बी.डी.च्या पुढे एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) आणि त्यापुढे डी.टीएच. (डॉक्टर ऑफ थिऑलॉजी).

आणि हिब्रू, जुन्या कराराची मूळ भाषा. याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे, कारण बरेच जण भाषेच्या धसक्यानं मागे फिरतात. पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर उजवीकडून डावीकडे एक ओळ लिहिली: बेरेशीथ बारा एलोहीम. उत्पत्तीच्या पुस्तकाची सुरुवात. मूळ लिपीत फक्त व्यंजनं; स्वर दाखवायला अक्षराच्या खाली, वर, पोटात टिंबं आणि रेघा. आपल्या काना-मात्रा-वेलांटीसारखंच आहे हे ध्यानात आलं आणि माझी भीती गेली. वर्गातल्या ज्या मुलांनी लहानपणापासून फक्त इंग्रजी लिपी गिरवली होती त्यांना ही टिंबं जास्त छळायची. खरा डोंगर क्रियापदांचा. एकाच तीन अक्षरी धातूचे सात प्रकार: कल, निफाल, पिएल, पुआल, हिथपाएल, हिफील, होफाल. प्रत्येकाचे काळ वेगळे, पुरुष वेगळे, आणि पुल्लिंग-स्त्रीलिंगही क्रियापदातच. तेही मराठीला नवं नाही. आपण 'तो गेला, ती गेली' म्हणतोच. मी हॉस्टेलच्या खोलीत दाराच्या मागच्या बाजूला तक्ता लावला होता. रात्री जेवण झाल्यावर आम्ही चौघी तो मोठ्यानं म्हणायचो, एकीनं मूळ धातू सांगायचा आणि दुसरीनं रूप. पेपरात उतारा येतो, त्यातलं प्रत्येक क्रियापद फोडून त्याची जात सांगायची असते. रोज थोडं म्हटलं तर येतं. परीक्षेच्या आधी एकदम करायला गेलं तर अजिबात येत नाही.

तिसऱ्या वर्षी रूथच्या पुस्तकाचा पहिला अध्याय मी हिब्रूत वाचला. "तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव" असं रूथ सासूला म्हणते, तिथं मूळ हिब्रूत क्रियापदच नाही. नुसते चार शब्द: अम्मेख अम्मी, वेलोहायिख एलोहाय. लहानपणापासून लग्नाच्या उपासनेत ऐकलेलं वचन, आणि ते दोन बायकांमधलं आहे, इतकं थोडक्यात आहे, हे तेव्हा नीट दिसलं.

त्यातूनच शेवटच्या वर्षाच्या लघुप्रबंधाचा विषय सुचला: मराठी बायबलची भाषांतरं. सेरामपूरच्या छापखान्याचा मराठीशी संबंध फार जुना आहे. १८०५ मध्ये कॅरींचं मराठी व्याकरण तिथं छापलं गेलं, १८१० मध्ये मोडी टायपात कोश निघाला. पंडित वैजनाथ यांची त्यांना मोठी मदत होती. त्यानंतर शंभर वर्षांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई ग्रीक आणि हिब्रू शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल उतरवलं. टाइप जुळवायचं आणि छापायचं काम मुक्तीतल्या बायकामुलींनी केलं. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या तोपर्यंत भाषांतराचं काम त्यांनी पुरं केलं होतं. बी.डी.च्या वर्गात हिब्रू जड जाते म्हणून कुणी कुरकुरलं की मी त्यांची आठवण करून द्यायची. उतारवयात, सगळा आश्रम सांभाळत त्या ही भाषा शिकल्या होत्या.

सिनेटचा पदवीदान समारंभ दरवर्षी वेगवेगळ्या संलग्न कॉलेजात होतो, त्यामुळे तो तुमच्या सेमिनरीत होईल असं नाही. आमचा दुसऱ्या राज्यात झाला. आई आणि थोरले काका रेल्वेनं आले. पदवीचं प्रमाणपत्र काकांनी हातात घेऊन साल-तारीख वाचली आणि सनदेची गोष्ट शेजारी बसलेल्या एका मिझो पालकांना हिंदीत सांगितली.

सध्या मी आमच्याच मंडळीत काम करते. ज्या कमिटीनं पत्र लांबवलं होतं तिनंच मला दर महिन्याला एका रविवारी उपदेश करायला सांगितलं आहे. पुढच्या वर्षी जुना करार हा विषय घेऊन एम.टीएच.चा अर्ज भरणार आहे. त्यासाठी हिब्रू पक्की लागते, म्हणून दाराचा तक्ता घरी परत लावला आहे. कुणाला बी.डी.चा अर्ज भरायचा असेल तर मंडळीच्या शिफारसपत्राला हात आधी घाला आणि कमिटीच्या बैठकांच्या तारखा विचारून घ्या. बाकीचे कागद महिन्याभरात होतात.