नवा मॉनिटर, जुनी निळी केबल

मॉनिटर घेताना आपण आकार, किंमत आणि वॉरंटी यांची बारकाईने चौकशी करतो. तो संगणकाला कशाने जोडायचा, हा प्रश्न मात्र घरात जी केबल सापडेल तिच्यावर सुटतो. इंदूरमधील ओळखीच्या अनेक मराठी घरांत जुने संगणक अजून उत्तम चालतात, आणि आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून हौसेने आणलेला नवा मॉनिटरही तिथे त्याच जुन्या, निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलला जोडला जातो. माझे मत स्पष्ट आहे. मॉनिटर सपाट पडद्याचा असेल आणि संगणकाला एखादा डिजिटल पोर्ट (चित्र आकड्यांत पाठवणारी जोडणी, जसे एचडीएमआय) असेल, तर व्हीजीए वापरू नये.

आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए आणले, तेव्हा टेबलावर पिक्चर ट्यूबचे मॉनिटर असत. ट्यूबला हवा असतो तो सतत बदलणारा विद्युतदाब, आणि व्हीजीएच्या तारांतून लाल, हिरव्या व निळ्या रंगांसाठी सुमारे शून्य ते ०.७ व्होल्टचा तोच दाब वाहतो. म्हणजे त्या जोडीत काहीच विसंगत नव्हते. सपाट एलसीडी पडद्याचे तसे नाही. १९२० × १०८० च्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक पिक्सेल, म्हणजे रंगाचे ठिपके, असतात आणि प्रत्येकाला नेमका आकडा हवा असतो. त्यामुळे संगणकाने आकड्यांचा केलेला दाब मॉनिटरला पुन्हा मोजून आकड्यांत आणावा लागतो. सेकंदाला साठ चित्रे दाखवायची, तर एका पिक्सेलच्या वाट्याला सात नॅनोसेकंदही येत नाहीत. ही मोजणी कोणत्या क्षणी करायची, हे व्हीजीएची तार पिक्सेलगणिक सांगत नाही. मॉनिटर ते ओळींच्या सुरुवातीच्या इशाऱ्यांवरून ताडतो. मॉनिटरवरचे ‘ऑटो’ बटण हेच काम करते.

हा अंदाज किंचित चुकला की काय होते, ते देवनागरी वाचणाऱ्याला सर्वांत आधी जाणवते. लोकमान्य नगरमधील माझे एक काका दिवाळी अंकांची मुद्रिते संगणकावर तपासतात. नवा मॉनिटर आल्यावर ते म्हणाले, “अरे, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतोय.” मी जवळ जाऊन पाहिले, तर शिरोरेषा अगदी रेखीव होती, पण काना आणि वेलांटीचा दांडा यांच्या उजवीकडे करडी सावली पडली होती आणि अनुस्वाराचा ठिपका आडवा पसरला होता. याचे कारण असे की व्हीजीएचे चित्र आडव्या ओळींनी पाठवले जाते, त्यामुळे धूसरपणा ओळीच्या दिशेनेच पसरतो आणि उभ्या रेषा खराब होतात. मजकुराने भरलेले पान उघडून ‘ऑटो’ दाबल्यावर बराच फरक पडला. एचडीएमआय केबल लावल्यावर सावली पूर्ण गेली. डोळ्यांचा दोष समजून लोक जो त्रास निमूटपणे सोसतात, तो कित्येकदा केबलचा असतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

डिजिटल जोडणीत डीव्हीआय १९९९ चे, एचडीएमआय २००२ अखेरचे आणि डिस्प्लेपोर्ट २००६ चे. डीव्हीआय-डी (डीव्हीआयचा निव्वळ डिजिटल प्रकार) आणि एचडीएमआय यांची चित्र पाठवण्याची पद्धत मुळात एकच असल्याने त्यांच्यात साधा, स्वस्त कनेक्टर चालतो. एचडीएमआय ते व्हीजीए असे जायचे, तर मात्र आत सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो. डिजिटल केबलमधून चित्र थोडेसे धूसर असे येत नाही. ते अचूक येते, नाहीतर ठिपके चमकतात किंवा पडदा मधूनच काळा होतो. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेल्या महाग केबलवर पैसे घालवण्याची गरज नाही.

एचडीएमआयची एक खोड मात्र ठाऊक हवी. काही वेळा संगणक मॉनिटरला टीव्ही समजतो आणि रंगांची पातळी ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढीच पाठवतो. मग काळा रंग करडा दिसतो आणि ‘यापेक्षा व्हीजीए बरे होते’ असे वाटू लागते. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘फुल’ हा पर्याय निवडला की तक्रार मिटते. ४के मॉनिटर (१९२० × १०८० च्या चौपट पिक्सेलचा) असेल, तर एचडीएमआय १.४ वर सेकंदाला तीसच चित्रे मिळतात आणि माउसची हालचाल जड वाटते. तिथे एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवे.

पिक्चर ट्यूबचा मॉनिटर असेल, तर व्हीजीएच योग्य. सभागृहात प्रोजेक्टरपर्यंत भिंतीतून लांब व्हीजीए तार आधीच गेली असेल, तर ती उखडण्याचेही कारण नाही, कारण तिथे अक्षरे मोठी असतात. संगणकाला केवळ व्हीजीएच असेल, तर केबल आखूड आणि जाड घ्यावी व रिझोल्यूशन (पिक्सेलची संख्या) मॉनिटरचे मूळचेच ठेवावे.

वापरलेला संगणक घेताना मात्र मागचा निळा पोर्ट पाहून फसू नये. इंटेल, एएमडी आणि काही मॉनिटर उत्पादकांनी २०१० मध्येच व्हीजीए बंद करण्याचे जाहीर केले होते, आणि इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक प्रोसेसरपासून व्हीजीए आतून मिळत नाही. त्यानंतरच्या इंटेल मदरबोर्डवर तो पोर्ट असलाच, तर डिजिटल सिग्नलचे अ‍ॅनालॉग, म्हणजे सतत बदलणाऱ्या दाबाचे, रूप करणारी वेगळी चिप बसवून दिलेला असतो. त्याच्या शेजारचा एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट तोच सिग्नल न बदलता देत असतो.