तांबडी माती

रविवार, रात्रीचे साडेदहा. पाय भरून आलेत पण झोप येईना म्हणून लिहायला बसले.

आज बागवाली मंडळी येऊन गेली. १२ येणार म्हणाले होते, आले १९. शेजारच्या वहिनींकडून खुर्च्या आणल्या, आणि गराडू, म्हणजे इकडचा थंडीतला कंद, घरीच तळू म्हटलं तर सोलतानाच हातांना अशी खाज सुटली की विचारू नका. पण थंडीत इंदूरला कुणी आलंय आणि गराडू नाही, हे काही बरं दिसत नाही. वर जीरावन मसाला, लिंबू, ताट दहा मिनिटांत साफ.

आता खरं काय ते. यंदा माझ्या गुलाबांची छाटणी राहिली. ऑक्टोबरात करायची, दिवाळीच्या गडबडीत पुढे ढकलत ढकलत डिसेंबर उजाडला, वरून भुरी पडली, म्हणजे पाहुणे यायच्या वेळी नुसत्या काड्या. मग परवा गुपचूप नर्सरीतून फुललेले दोन डच गुलाब आणले, पिशव्या फाडून जुन्याच कुंड्यांत बसवले, वर आपली काळी माती आणि थोडा पाचोळा टाकला. ह्यांनाही सांगितलं नाही.

तर सगळे नेमके तिथेच थांबले. फोटो काय, सेल्फी काय. "काकू, खत कोणतं हो?" आणि मी निर्लज्जासारखी सांगतेय, शेणखत, निंबोळी पेंड. तेवढ्यात राजेंद्र नगरहून आलेल्या एक आजी, ऐंशीच्या तरी असतील, काठी भिंतीला टेकवून वाकल्या आणि कुंडीत सरळ बोट खुपसलं. बोट बाहेर आलं ते तांबडं. आमच्या लोकमान्य नगरात कुठेही खणा, काळीच माती लागते, तांबडी येते ती बाहेरगावच्या रोपांबरोबर नर्सरीच्या गाडीतून. आजींनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि रुमालाला पुसून टाकलं. एक शब्द नाही. मेले मी.

मी लगेच सगळ्यांना मागे खताच्या खड्ड्याकडे वळवलं. तिथे एक रिटायर्ड सर सुरू झाले, की हे जे काडीकचरा, शेण, राख, माती असे थर लावताय ना, ह्याला जगभर इंदूर मेथड म्हणतात, अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ इथे राहून ती बसवली आणि पुस्तक लिहिलं यशवंत वाड यांच्या जोडीने. कपाशीच्या कडक पऱ्हाट्या म्हणे रस्त्यावर अंथरायचे, गाड्यांखाली चुरा झाला की गोठ्यात बिछायत, मग खड्ड्यात. मधे पलटत राहायचं, तीन महिन्यांत खत. मला वाटायचं ही आमच्या सासूबाईंची पद्धत! तरुण मंडळी मात्र तोवर उरलेल्या गराडूकडे.

निघताना आजींनी गवती चहाचा एक ठोंब मागून घेतला आणि गेटपाशी माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "अगं, त्या तांबड्या गोळ्यात पाणी शिरत नाही, मुळं तिथेच गुदमरतात. फुलं उतरली की बादलीत बुडवून गोळा सोडव, मग आपल्या मातीत लाव." बस. बाकी काही नाही.

मघाशी जेवताना हे विचारतायत, "तो गुलाबी गुलाब आपल्याकडे कधीपासून होता गं?"

म्हटलं, भाजी वाढू का अजून?