‘शुक्रवारपर्यंत’ आणि माझं इंग्रजी

मी नाशिकला दिंडोरी रोडवरच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये ऑफिसचं काम बघते. जानेवारी ते एप्रिल हा आमचा हंगाम, आणि त्या दिवसांत परदेशातल्या ग्राहकांना जाणाऱ्या बहुतेक मेल माझ्याच हातच्या असतात. शाळा मराठी माध्यमाची, पण इंग्रजीवाचून काम कधी अडलं नव्हतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत जहाजाची तारीख पुढे गेली. पॅक झालेला माल शुक्रवारपर्यंत कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवायचा ठरला. मी रॉटरडॅमच्या ग्राहकाला कळवलं, ‘वुई विल कीप द ग्रेप्स इन कोल्ड स्टोरेज बाय फ्रायडे.’ दुपारी त्याचा फोन थेट आमच्या दादांना, म्हणजे मालकांना आला. दादा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “ताई, तो विचारतोय, शुक्रवारपर्यंत माल बाहेर कशाला ठेवलाय?”

द्राक्षं काढल्यावर काही तासांत प्रीकूलिंगला जावी लागतात. मण्याचं तापमान ४ अंशांच्या खाली आणायचं आणि मग ० ते १ अंशाला साठवायचं. उशीर झाला की देठ सुकून तपकिरी पडतात, आणि तिकडचा ग्राहक पेटी उघडून आधी देठच बघतो. माझ्या वाक्याचा अर्थ त्याला लागला तो असा, की माल शुक्रवारच्या आत कधीतरी थंडीत जाईल. मला म्हणायचं होतं, तो शुक्रवार उजाडेपर्यंत थंडीतच राहील. म्हणजे ‘अंटिल फ्रायडे’.

संध्याकाळी ती मेल मी पुन्हा वाचली. कॉम्प्युटरने एकाही शब्दाखाली रेघ मारलेली नव्हती, कारण वाक्य व्याकरणाने बरोबरच होतं. फक्त ते माझं म्हणणं नव्हतं. रात्रभर तेच डोक्यात.

म्हसरूळला आमच्याच सोसायटीत इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका राहतात. एप्रिलमध्ये शेवटचा कंटेनर गेल्यावर मी हंगामातल्या मेलच्या प्रिंट घेऊन त्यांच्याकडे गेले. मॅडमनी चुका दुरुस्त करून दिल्या नाहीत. चूक असलेल्या ओळीपुढे पेन्सिलने एक टिंब द्यायच्या आणि म्हणायच्या, “इथे आहे. शोध. आणि लिहिताना मनात कुठलं मराठी वाक्य होतं, ते शेजारी लिही.”

त्या दुसऱ्या सूचनेने सगळं बदललं. वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी असं लिहू लागले आणि दहाबारा पानांतच दिसलं की माझ्या चुका वाटेल तशा होत नव्हत्या. मराठी वाक्य नीट होतं, म्हणूनच इंग्रजी चुकत होतं. ‘शुक्रवारपर्यंत थांबेन’ आणि ‘शुक्रवारपर्यंत पोहोचेन’ यांना मराठीत एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजी विचारतं, काम तोवर चालू राहणार की त्याआधी एकदा उरकणार? चालू राहणार तर ‘अंटिल’, उरकणार तर ‘बाय’. ‘पासून’चंही तेच. ‘२०१९पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ आपल्याला सारखेच, म्हणून मी ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहीत होते. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, मोजलेला काळ सांगायचा तर ‘फॉर’. शिवाय ‘काम करते आहे’ हा आपला वर्तमानकाळ तिथे चालत नाही, ‘हॅव बीन वर्किंग’ लागतं.

‘जरी–तरी’च्या जोडीमुळे मी ‘ऑल्दो’ लिहून पुढे ‘बट’ही लिहायचे. इंग्रजीला दोघांतलं एकच पुरतं. ‘कंटेनर कुठे आहे ते कळवा’चं मी ‘टेल अस व्हेअर इज द कंटेनर’ करायचे. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की त्याची प्रश्नासारखी मांडणी सुटते आणि ‘व्हेअर द कंटेनर इज’ होतं. ‘विषयी चर्चा करणे’मुळे ‘डिस्कस अबाउट’ आलं होतं. तिथला ‘अबाउट’ मी पन्नासेक ठिकाणी खोडला असेल.

सगळ्यात जास्त वेळ ‘अ’ आणि ‘ॲन’ यांनी घेतला, कारण मराठीत आर्टिकल नाहीतच. शाळेत शिकलो होतो की ए, ई, आय, ओ, यू असेल तर ‘ॲन’. त्या नियमाने मी ‘ॲन युरोपियन बायर’ आणि ‘अ एमआरएल रिपोर्ट’ (मालात औषधांचा अंश मर्यादेत आहे का, ते सांगणारा अहवाल) लिहीत आले. दोन्ही चूक. नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. मॅडम म्हणाल्या, “शब्द देवनागरीत लिहून बघ.” युरोपियन य ने सुरू होतो, य व्यंजन, म्हणून ‘अ’. एमआरएल ए ने सुरू होतो, ए स्वर, म्हणून ‘ॲन’. अवर म्हणजे तास, तिथे ‘ॲन’. वन-किलो बॉक्सला ‘अ’, कारण व. आपली लिपी उच्चारानुसार लिहिली जाते, ती अशी इंग्रजीच्या कामी येईल हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर!

मराठी दर वेळी आडच येते असंही नाही. ‘इन्फर्मेशन्स’ लिहिताना मी मराठीकडे पाहिलं असतं तर वाचले असते, आपणही कधी ‘माहित्या’ म्हणत नाही.

एका बाबतीत माझं मॅडमशी जमलं नाही. ‘प्रीपोन’ त्यांना खटकतो. माझ्या मते ती चूक नाही. हा भारतात रुळलेला शब्द आज ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. मात्र परदेशी ग्राहकाला तो कळेलच असं नाही, म्हणून मेलमध्ये मी साधं ‘मूव्ह अर्लिअर’ लिहिते.

पावसाळाभर रविवारी सकाळी वही घेऊन सार्वजनिक वाचनालयात बसायचे. १८४० साली सुरू झालेली ही संस्था, तिथे इंग्रजी वर्तमानपत्रं मिळतात. बातमीतलं प्रत्येक ‘बाय’, ‘अंटिल’, ‘सिन्स’ वहीत उतरवून समोर मराठी लिहायचे. दिवाळीच्या सुमाराला मॅडमच्या टिंबाआधीच चूक दिसू लागली. आर्टिकल अजून सुटतात, विशेषतः ‘द’.

या जानेवारीत पहिल्याच कंटेनरची तारीख पुन्हा हलली. रॉटरडॅमला लिहायला बसले, तर मनात आधी ‘मंगळवारपर्यंत’ आलं आणि हात थांबला. माल तोवर आतच राहणार होता. ‘अंटिल ट्यूजडे’ लिहिलं आणि वाचून बघा म्हणून दादांना हाक मारली. ते लोडिंगकडे निघाले होते. दारातूनच म्हणाले, “पाठवा ताई.”