विकतचा नांद्रुक

गोव्यात नांद्रुकाचा, म्हणजे वडाच्याच जातकुळीतल्या झाडाचा, बोन्साय पैसे देऊन घ्यायचा, हा तसा विनोदच. इथे पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांनी वड, पिंपळ, नांद्रुक चिऱ्यांच्या भिंतीत, कौलांखाली, विहिरीच्या कठड्यात फुकट उगवतात. पावसाच्या तोंडावर ते उपटून काढणे हे घराच्या डागडुजीतलेच एक काम. शेजारच्या काकी कुंडी बघून म्हणाल्या, "अगो बाय, मला सांगायचंस! आमच्या न्हाणीच्या भिंतीतला दिला असता."

त्यात या झाडाची निगा राखायचे बहुतेक सल्ले थंड देशांतले. थंडीत घरात घ्या, कुंडीखाली पाण्याची बशी ठेवून हवा दमट करा. पणजीत जानेवारीच्या पहाटेही पारा २० अंशांच्या आसपास असतो, आणि पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते. आणखी दमट काय करायचे? बशीतल्या पाण्यात वाढतील ते डास.

खरा धोका आपल्या मायेचा. नवे झाड जागा बदलली की पाने गाळते. उजेड बदलला, त्याला तो सवयीचा होईपर्यंत हे चालायचेच. पण पाने गळाली की घाबरून पाणी ओततात, मग खत, मग कुंडीच बदलतात आणि झाड जाते. दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ते छान दिसते, हे कबूल. पण नांद्रुकाला ऊन लागते. सकाळचे ऊन येणाऱ्या सज्जात एकदा ठेवावे आणि हलवू नये. बोट पेरभर मातीत खुपसावे. कोरडे लागले तरच पाणी, आणि तेही तळाच्या भोकातून वाहीपर्यंत. बाजारातल्या कुंड्यांत वरचे खडे कधीकधी डिंकाने चिकटवलेले असतात. पाणी आत मुरतच नाही. ते आधी खरवडून टाकावेत. चिकट माती बदलायची घाई नको. झाड रुळले की मेअखेरीस विटेचे चाळलेले खडे आणि थोडे शेणखत घालून बदलावी.

मग पाऊस लागतो, आणि इथे राहिल्याचे सार्थक होते. पारंब्या फुटाव्यात म्हणून परदेशात काही हौशी लोक झाडाभोवती काचेची पेटी उभी करतात. आपल्याकडे दमट हवेत फांद्यांतून पांढऱ्या, दोऱ्यासारख्या मुळ्या आपणहून उतरू लागतात. मातीला टेकली की तीच मुळी पुढे जाड होऊन खोडासारखी दिसते. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या बघते. कामाला उशीर होतो, होऊ दे.

एवढे मात्र सांभाळावे: फांद्यांना आकार द्यायला गुंडाळलेली तार पावसाळ्यात झपाट्याने सालीत रुतते. दर आठवड्याला बघावी. काढताना उलगडत बसू नये, पक्कडीने तुकडे करावेत. तार पुन्हा वापरता यावी म्हणून फांदी मोडून बसणारे काटकसरी लोक मला माहीत आहेत.