स्पॅम अडवायला निघालो आणि डीएनएसमध्ये अडकलो

आमच्या ऑफिसचा मेल सर्व्हर मीच सांभाळतो. उबुंटू आणि त्यावर मेल हाताळणारा पोस्टफिक्स, साधा मामला. मध्यंतरी स्पॅम एकाएकी वाढला. काळ्या यादीची (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची यादी) तपासणी चालू होती, पण लॉगमध्ये तिने एकही मेल अडवलेली दिसेना.

एखादा पत्ता अशा यादीत आहे का, हे डीएनएसवरच (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा) विचारतात. चाचणीसाठी त्यांत १२७.०.०.२ ही नोंद ठेवलेली असते. पत्ता उलटा करून 'डिग' या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडने विचारला, तर उत्तर आलं १२७.२५५.२५५.२५४. म्हणजे, तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (आपल्या वतीने नावं सोडवणारा सर्व्हर) विचारताय, सांगणार नाही. पोस्टफिक्सच्या नियमात अपेक्षित उत्तरं मी नेमकी लिहिली होती म्हणून निभावलं, नाहीतर या उत्तरावर येणारी प्रत्येक मेल परत गेली असती.

तेव्हा स्वतःचा रिझॉल्व्हर हवा. अनबाउंड निवडला. तो कुणाला मध्ये न घालता डीएनएसच्या मुळाशी असलेल्या रूट सर्व्हरपासून स्वतः विचारत जातो.

इथे मी शहाणपणा केला. डीएनएसचा पोर्ट ५३ मोकळा हवा म्हणून आधी उबुंटूचा स्वतःचा सिस्टमडी-रिझॉल्व्हड थांबवला आणि मग अनबाउंड इन्स्टॉल करायला गेलो. पॅकेज उतरणार कसं? नावं सोडवणारा मीच बंद केलेला! कुणाला विचारायचं ते सांगणाऱ्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये घाईने एक नेमसर्व्हर लिहून वेळ मारून नेली. अनबाउंड बसला, दुसऱ्या मशीनलाही वापरता यावा म्हणून त्याला ०.०.०.० वर ऐकायला लावलं. फक्त आमच्या ऑफिसच्या नेटवर्कला, १९२.१६८.१०.०/२४ ला, परवानगी दिली. ही ओळ 'सगळ्यांना' अशी कधीच लिहू नये. उघडा रिझॉल्व्हर दुसऱ्यांवर हल्ले करायला वापरतात.

रात्री सर्व्हर रीबूट केला आणि अनबाउंड उठेना. 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'. रिझॉल्व्हड मी नुसता थांबवला होता, तो पुन्हा उठून १२७.०.०.५३ वर बसला होता. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फही मूळ पदावर, कारण ती खरी फाइल नव्हतीच, 'रन'मधल्या फाइलकडे नेणारी लिंक होती. मग रिझॉल्व्हडच्या कॉन्फिगमध्ये डीएनएस-स्टब-लिसनर 'नो' केला, म्हणजे त्याचं १२७.०.०.५३ वर ऐकणं बंद केलं, लिंक उडवून खरी फाइल केली आणि तिच्यात १२७.०.०.१ लिहिलं.

आता 'डिग'ला यादीचं उत्तर १२७.०.०.२ असं बरोबर आलं. मुद्दाम चुकीच्या डिजिटल सह्या ठेवलेलं डीएनएससेक-फेल्ड डॉट ऑर्ग विचारलं, त्यावर सर्व्हफेल, म्हणजे नकार, मिळालं, म्हणजे सह्यांची तपासणीही चालू होती. एकच नाव दुसऱ्यांदा विचारलं तर साठवलेलं उत्तर शून्य मिलिसेकंदात. खूश होऊन झोपलो.

सकाळी स्पॅम तेवढाच! तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, पोस्टफिक्सचा मेल स्वीकारणारा भाग, एसएमटीपीडी, क्रूटमध्ये (बाकी सिस्टमपासून वेगळ्या केलेल्या फोल्डरमध्ये) चालतो आणि तिथे रिझॉल्व्ह डॉट कॉन्फची वेगळी प्रत असते. तिच्यात रिझॉल्व्हडचा तो जुनाच पत्ता होता. पोस्टफिक्स रीस्टार्ट केला, प्रत नवी झाली, आणि पाचेक मिनिटांत लॉगमध्ये पहिला नकार दिसला.