इंदूर ते भोपाळ, सेसना १७२ आणि मांडीवरचा टॅब

गेल्या मे महिन्यात सेसना १७२ या छोट्या विमानाने इंदूरहून भोपाळला क्रॉस कंट्री (एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतचं सरावाचं उड्डाण) केली, ९२ नॉटिकल मैल, हेडिंग म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा साधारण ०६८ अंश, शेजारी इन्स्ट्रक्टर सर. मी पहिल्यांदाच सोबत आयपॅड नेला होता. विमान शिकणाऱ्या आपल्या इथल्या बऱ्याच मुलांना प्रश्न पडतो की नकाशासाठी विमानात टॅब न्यावा का आणि कसा वापरावा, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी विकत घेतानाच बघा, नुसता वायफायवाला आयपॅड घेऊ नका, त्यात जीपीएस नसतो. सिमवाला मॉडेल घ्या, सिम नाही टाकलं तरी चालतं, एअरप्लेन मोडमध्ये पण लोकेशन येतं. नकाशे मात्र आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवा आणि नेट बंद करून उघडतात का ते बघा, वर गेल्यावर काही होत नाही.

मी टॅब व्हॅक्यूमवाल्या स्टँडने समोरच्या काचेला चिकटवला होता आणि चूक तिथेच झाली. आठ दहाला टेकऑफ, सकाळचं ऊन बरोबर समोरून, काळं कव्हर, ब्राइटनेस फुल आणि वरून चार्जिंग चालू. सोनकच्छ आठ एकतीसला डाव्या हाताला गेलं, तोवर मस्त, छोटं विमान नकाशावर सरकत होतं आणि मी खरं सांगतो, बाहेर बघणं कमी झालं होतं. पाच मिनिटांनी स्क्रीन काळी, थंड होऊ द्या एवढाच मेसेज. कंपनी ३५ डिग्रीपर्यंतच वापरा म्हणते आणि मालव्यातल्या मे महिन्यात काचेमागे त्याहून जास्तच होतं.

सर शांतपणे म्हणाले, "सांग, आता कुठे आहोत?" बरं झालं त्यांनी निघतानाच प्रत्येक खुणेची वेळ कागदावर लिहायला लावली होती. ८:३१ सोनकच्छ, तिथून आष्टा २० नॉटिकल मैल, वेग १०५ नॉट (तासाला तेवढे नॉटिकल मैल), म्हणजे साडेअकरा मिनिटं. हेडिंग धरून ठेवलं, घड्याळ बघत राहिलो आणि ८:४३ ला उजवीकडे आष्टा आलं, पार्वती नदीत पाणी नव्हतंच पण काठच्या झाडांची वळणदार हिरवी रेघ स्पष्ट दिसत होती. तो आनंद टॅबने कधीच दिला नसता. पुढे सीहोर आणि मग मोठा तलाव, चुकायची सोयच नाही.

संध्याकाळी परतताना ऊन परत समोरूनच होतं, पण टॅब कव्हर काढून मांडीवर पट्ट्याने बांधला, व्हेंटची हवा त्याच्यावर सोडली, चार्जिंग बंद. इंदूरपर्यंत एकदाही बंद पडला नाही.

चार्जरचं पण लक्षात ठेवा, आमच्या १७२ ची सिस्टीम २८ व्होल्टची आहे, गाडीचा १२ व्होल्टवाला स्वस्त चार्जर लावाल तर जळेल, वर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचूनच लावा. पोलराइज्ड गॉगल असेल तर टॅब आडवा-उभा फिरवून बघा, एका बाजूने स्क्रीन पूर्ण काळी दिसते. उंची टॅबवरची धरू नका, अल्टिमीटरचीच धरा. आणि चुंबकवालं फ्लिप कव्हर घरीच ठेवा, आम्ही जमिनीवर असताना ते होकायंत्राजवळ नेऊन बघितलं तर काटा चांगला पाच-सहा अंश हलला.